परळचे रुग्णालय, वस्तीतल्या ताई

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाचे उद्घाटन झाले. खाटा होत्या ८०. भोवती गिरण्या, चाळी आणि कामगारांची वस्ती. फक्त कर्करोगासाठी बांधलेले रुग्णालय ही गोष्टच तेव्हा नवी होती. हा रोग झाला की माणूस घरातल्या आतल्या खोलीत जायचा आणि तिथून बाहेर यायचा तो चौघांच्या खांद्यावरून, अशीच लोकांची समजूत होती आणि ती फारशी चुकीचीही नव्हती.

या रुग्णालयाचा साग्रसंगीत इतिहास अनेकदा लिहिला गेला आहे. इमारती, यंत्रे, संचालकांची मालिका हे सारे त्यात सापडते. या स्मरणिकेसाठी त्यातला एकच धागा धरायचा आहे: स्तनाचा कर्करोग, आणि त्याच्याशी झुंजण्यासाठी लोकांनी घातलेला पैसा. हा धागा धरून चालत गेले की संस्थेचा इतिहास वेगळा दिसतो. नामवंत शल्यविशारदांच्या बरोबरीने त्यात दहावी शिकलेल्या काही बायका उभ्या राहतात.

सुरुवात मात्र एका हिऱ्यापासून करावी लागते. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी पत्नी मेहेरबाईंसाठी ज्युबिली नावाचा हिरा घेतला होता. वजन २४५ कॅरटच्या वर, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ साली टाटांचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा दोराबजींनी आपली सारी खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली, त्यात बाईंचे दागिनेही होते. कारखाना तरला, दागिने परत आले. मेहेरबाई नुसत्या दागिने मिरवणाऱ्या नव्हत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी आणि बालविवाहाच्या विरोधात त्या जाहीरपणे बोलत. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. पत्नीवर विलायतेत ज्या तऱ्हेचे उपचार झाले तशी सोय हिंदुस्थानात व्हावी, हे दोराबजींच्या मनाने घेतले, पण वर्षभरातच तेही गेले. हिरा पुढे विकला गेला आणि त्याची रक्कम सर दोराबजी टाटा ट्रस्टमध्ये जमा झाली. या ट्रस्टच्या पैशातून परळचे रुग्णालय उभे राहिले. दोराबजींमागून नौरोजी सकलातवालांनी आणि नंतर जेआरडींनी ही योजना तडीला नेली.

ट्रस्टने कायम हात धरून ठेवला असता तर रुग्णालय कदाचित श्रीमंतांचेच राहिले असते. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेकडे कसे, असा प्रश्न आजही लोक विचारतात. किरणोपचार हे एक कारण. दुसरे म्हणजे त्या विभागाचे सर्वेसर्वा होमी भाभा होते आणि मेहेरबाई या त्यांच्या सख्ख्या आत्या. १९६६ साली शेजारची कर्करोग संशोधन संस्था आणि रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

पहिल्या पिढीतली दोन नावे सांगायलाच हवीत. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे रोगनिदानशास्त्रातले मोठे माणूस. आपल्या देशात कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक दिसतो, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत बसून विचारायला सुरुवात केली. दुसरे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. त्यांचे नाव आता रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आहे. वांद्र्याला रुग्णांच्या निवासासाठी जे बोर्जेस होम आहे तेही त्यांच्याच नावाचे, आणि माझ्या मते रस्त्यापेक्षा ते स्मारक त्यांना अधिक शोभणारे आहे.

त्या काळी स्तनाच्या कर्करोगावर एकच मोठी शस्त्रक्रिया असे. पूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकायच्या. बाई वाचली तरी हात वर करून केस विंचरणे तिला जड जाई. बायका गाठ दाखवायला येत नसत त्यामागे लाज होती, तशी ही भीतीही होती. नवऱ्याला सांगायचे कसे, परक्या पुरुष डॉक्टरसमोर पदर बाजूला करायचा कसा, आणि केलाच तर तो सगळेच कापून टाकणार. गाठ दुखत तर नाही, मग बघू पुढे. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडच्या बायकांची सवय या रोगाच्या अगदी पथ्यावर पडते, कारण सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

युरोप-अमेरिकेत मिलानचे वेरोनेसी आणि पिट्सबर्गचे फिशर यांनी दाखवून दिले की गाठ लहान असेल तर स्तन वाचवून, वर किरणोपचार देऊन तेवढाच गुण येतो. परळला ही पद्धत १९८० पासूनच सुरू झाली. १९८० ते २००० या काळात अशा रीतीने उपचार केलेल्या १,०२२ स्त्रियांचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. किरणोपचारतज्ज्ञ डॉ. केतायून दिनशॉ यांचा त्यात पुढाकार होता. १९९५ ते २००८ या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. भारतीय बाईला हे झेपणार नाही, ती किरणोपचारासाठी आठवडेच्या आठवडे येणार नाही, असे म्हणणाऱ्यांना या अभ्यासाने उत्तर दिले. पण त्यासाठी गाठ लहान असतानाच बाईने यायला हवे, आणि घोडे तिथेच अडत होते.

किती बायका येतात, कोणत्या वयाच्या, कोणत्या समाजातल्या, हे मोजण्याचे काम परळच्या भिंतीबाहेर सुरू झाले होते. टाटा रुग्णालयाचेच शल्यचिकित्सक डॉ. दाराब जस्सावाला यांनी नवल टाटांच्या साथीने १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. सोसायटीने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. अशी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी देशात प्रथमच होत होती. कर्करोगाची खबर सरकारला देण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे नोंदणीचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत, प्रसूतिगृहांत, तपासणीच्या प्रयोगशाळांत जात, जुने केस पेपर चाळत, महापालिकेच्या मृत्यूनोंदवहीशी नावे ताडून पाहत. कारकुनी काम, पण त्याच्याविना पुढचे काहीच सुचले नसते. या नोंदींवरून जस्सावालांनी १९७७ साली मुंबईतल्या २,१३० स्त्रियांचा अभ्यास मांडला. पारशी बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांहून बरेच जास्त होते. उशिरा लग्न, कमी मुले, पहिले मूल उशिरा, ही कारणे तेव्हा एका छोट्या समाजाची वाटली. पुढे साऱ्या शहराची राहणी त्या दिशेने गेली आणि नव्वदच्या दशकात मुंबईच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकले. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग होतो आणि ९८ हजारांहून अधिक जणी दगावतात. एवढ्या जणी दगावतात याचे मोठे कारण म्हणजे उशीर.

पाश्चात्य देशांनी उशिरावर मॅमोग्राफीचा उपाय काढला. ठरावीक वयानंतर प्रत्येक बाईची ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणी. आपल्याकडे ते होणार नव्हते. यंत्रे महाग, ती वाचणारे डॉक्टर मोजके, आणि इथे हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो. तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असतात, चित्रात गाठ हरवून जाते. टाटा रुग्णालयातले डॉ. इंद्रनील मित्रा यांनी १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये उघड सवाल टाकला: शिकवलेल्या हाताने केलेली तपासणी पुरेशी का असू नये? पुष्कळांना तो अडाणीपणा वाटला. गरीब देशाने गरिबीचे समर्थन करायचे ठरवले तर काय करणार, असा एकूण सूर.

मित्रा आणि त्यांचे सहकारी नुसते वाद घालत बसले नाहीत. १९९८ च्या मे महिन्यात मुंबईतल्या झोपडवस्त्यांत चाचणी सुरू झाली. वस्त्यांचे २० गट पाडले. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. चिठ्ठी टाकावी तसे अर्धे गट एका बाजूला, अर्धे दुसऱ्या. एका बाजूच्या बायकांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी, अशा चार फेऱ्या, बरोबर माहिती आणि प्रबोधन. दुसऱ्या बाजूला एकदाच माहिती द्यायची आणि पुढे सगळ्यांच्याच घरी वर्षानुवर्षे जाऊन कोणाला रोग झाला, कोण गेले याची नोंद ठेवायची. सुरुवातीचा पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दिला.

तपासणी करायची कोणी? डॉक्टर पुरणार नव्हते आणि बायकांना पुरुष डॉक्टर नकोच होते. म्हणून किमान दहावी शिकलेल्या बायका निवडून त्यांना शिकवले. हे शिक्षण सोपे नाही. बोटांच्या टोकांनी चाचपून भागत नाही, मधल्या तीन बोटांची पेरे सपाट ठेवून, आधी हलके, मग थोडे दाबून, मग आणखी खोल, असे एकेक इंच पुढे सरकायचे. स्तनाग्रापासून काखेच्या खोबणीपर्यंत आणि वर गळ्याच्या हाडापर्यंत एकही जागा सुटता कामा नये. दूध पाजणाऱ्या बाईच्या छातीत गाठीच गाठी लागतात, पाळीच्या आधीही लागतात, त्यातली कुठली संशयाची हे हाताला ओळखता यावे लागते. घट्ट, खडबडीत, जागची न हलणारी लागली की पुढे पाठवायचे. कातडी आत ओढली गेली आहे का, बोंडातून रक्त येते का, हे डोळ्यांनी पाहायचे.

आणि याच्या आधी बाईला तिथवर आणायचे. ज्याने मुंबईची वस्ती पाहिली आहे त्याला हे काम कळेल. सकाळी नळाला पाणी येते, तेव्हा दारात कोणी उभे करत नाही. दुपारी पुरुष आणि पोरे बाहेर गेली की जरा उसंत, तीही घरकाम करणाऱ्या बायकांना नाही. दारात सासू असते. “आमच्या सुनेला काय झालंय? काही झालेलं नाही, मग तपासायचं कशाला?” हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर दारात उभे राहून, आवाज न चढवता, दर दोन वर्षांनी नव्याने द्यावे लागते. ‘कॅन्सर’ हा शब्द काढला तर शेजारपाजारी कुजबुज सुरू. काही सापडले तर पुढचा प्रश्न: परळला न्यायला कोण येणार, आणि त्या दिवसाची मजुरी? त्यात मुंबई एका जागी थांबत नाही. झोपडी पाडून इमारत होते, कुटुंब नालासोपाऱ्याला नाहीतर थेट गावी निघून जाते. वीस वर्षे नोंद ठेवायची म्हणजे या माणसांचा माग काढत राहायचे. संशोधनाच्या लेखात हे सगळे एका वाक्यात येते.

निकाल २०२१ च्या फेब्रुवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासलेल्या गटात पुढच्या अवस्थेतले कर्करोग कमी निघाले: तिसऱ्या-चौथ्या अवस्थेचे प्रमाण दुसऱ्या गटात ४७ टक्के, या गटात ३७. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी घटले, पण तेवढी घट योगायोगानेही दिसू शकते असे संख्याशास्त्र सांगते, आणि ते लेखकांनी लपवले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मात्र घट जवळजवळ ३० टक्क्यांची होती आणि ती पक्की होती. पन्नाशीच्या आतल्यांना मृत्यूच्या बाबतीत असा फायदा दिसला नाही. म्हणजे हा रामबाण नाही. पण यंत्राविना, विजेविना, दहावी शिकलेल्या बाईच्या हाताने एवढे साधते, हे जगात प्रथमच अशा कसोटीवर सिद्ध झाले.

एक गोष्ट गाळून चालणार नाही. दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी न देता नुसते पाहत राहणे कितपत योग्य, यावर देशाबाहेरूनही कडक टीका झाली. याच वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही अशीच चाचणी चालली होती आणि त्या बाबतीत टीकेचा सूर अधिक तीव्र होता. ज्या देशात कोणालाच तपासणी मिळत नव्हती तिथे निम्म्या जणींना देऊन फरक मोजणे अन्याय नव्हे, हे संशोधकांचे उत्तर. मला ते बरेचसे पटते, पूर्ण नाही. वीस वर्षे ज्या घरी आपला माणूस जातो त्या घरचे आपण काहीतरी देणे लागतो, आणि ते देणे आकडेवारीत मावत नाही.

२०१६ साली केंद्र सरकारने ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची जी रूपरेषा आखली, तिच्यात स्तनाची तपासणी हातानेच करायची आहे, आरोग्य कर्मचाऱ्यांकडून, दर पाच वर्षांनी. कोकणात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाला जोडून घेऊन टाटा केंद्राने ग्रामीण भागातही असे काम केले.

आता पैशाकडे येऊ. रुग्णालयात निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात. तरीही ‘टाटाला न्यायचं’ म्हटले की घरातल्या माणसांचे पहिले बोलणे पैशाचेच असते. सोलापूर, जळगाव किंवा थेट बिहारहून आलेल्या बाईला शस्त्रक्रियेपेक्षा मुंबईत सहा-आठ महिने राहणे महाग पडते. किमोची एक फेरी झाली की तीन आठवडे थांबायचे, मग दुसरी, मग शेक. तेवढ्यासाठी दर वेळी गावी जायचे की इथेच पथारी पसरायची? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, बोर्जेस होम आणि अशाच काही जागा आहेत म्हणून बरे. जिथे नंबर लागत नाही तिथे रुग्णालयाबाहेरचा पदपथ असतो. हे दृश्य परळवरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

वैद्यकीय समाजसेवा विभागात या बाईचा नवरा किंवा मुलगा डॉक्टरांनी दिलेले खर्चाचे एस्टिमेट, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन उभा असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, मुख्यमंत्री निधीला अर्ज कसा करायचा, कोणता धर्मादाय ट्रस्ट कोणत्या वारी भेटतो, हे समाजसेविका सांगते. मग तो मुंबई पालथी घालतो. एकाकडून पाच हजार, दुसऱ्याकडून दहा. देणारे नाव सांगत नाहीत, घेणाऱ्याला ते सगळे आठवतही नाहीत. मुंबईची ही दानत आहे म्हणून या रुग्णालयाचे दार सामान्यांना उघडे राहिले.

याला संघटित रूप देणारी मंडळीही आली. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते आहे. २००३ साली रुग्णालयाशी जोडलेला विमेन्स कॅन्सर इनिशिएटिव्ह सुरू झाला. स्वतः या रोगातून उठलेल्या देविका भोजवानी त्याच्या संस्थापक. बायकांच्या कर्करोगांसाठी निधी उभा करायचा आणि डॉक्टरांची परिषद भरवायची, असे दुहेरी काम. इंडियन कॅन्सर सोसायटीने २०११ साली उपचार निधी सुरू केला. त्याला एचडीएफसीच्या म्युच्युअल फंडाने वेगळीच जोड दिली: गुंतवणूकदाराचे मुद्दल त्याचेच, लाभांश मात्र रुग्णांसाठी. २०१२ साली मिलिंद सोमण यांनी मुंबईत फक्त बायकांची पिंकथॉन सुरू केली आणि नऊवारी नेसून धावणाऱ्या आज्या वर्तमानपत्रांत झळकल्या.

गुलाबी फितीची थट्टा करणे सोपे आहे. ऑक्टोबर आला की साबणापासून बँकेपर्यंत सगळे गुलाबी होते आणि त्यातले किती पैसे रुग्णापर्यंत पोहोचतात हे विचारावेसे वाटते. विचारलेच पाहिजे. पण ‘स्तन’ हा शब्द चारचौघांत उच्चारता येऊ लागला त्यात या फितींचा वाटा आहे, हेही कबूल करावे. माझी तक्रार वेगळी आहे. हा सगळा उत्साह बाईला तपासणीपर्यंत आणून सोडतो. गाठ सापडल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांत तिला भाडे, खोली आणि कोणाची तरी सोबत लागते, आणि तिथे देणारा हात आखडतो. दुसऱ्या किमोनंतर घरी गेलेली बाई परत आली नाही तर तिची गाठ वेळेत सापडूनही उपयोग नाही.

परळच्या संशोधनात मात्र स्वस्ताईचा हट्ट कायम राहिला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांवर सुमारे १,६०० स्त्रियांवर एक साधी गोष्ट तपासली. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती भुलीचे औषध टोचायचे, दात काढताना टोचतात तेच लिडोकेन. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने पेशी इतरत्र पसरत असतील तर त्या अडवायच्या, हा विचार. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. निकाल २०२२ साली पॅरिसच्या परिषदेत मांडला गेला आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. खर्च रुग्णामागे शंभर रुपयांच्या आत. यात कोणत्याही कंपनीला नफा नाही, म्हणून असे प्रयोग लोकांच्या आणि सरकारच्या पैशानेच होतात. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरची रुग्णालये परळशी जोडली जात आहेत. वाराणसी आणि गुवाहाटीसारख्या ठिकाणी केंद्राची स्वतःची रुग्णालये झाली आहेत. आपल्या गावाजवळ उपचार मिळाले तर मुंबईच्या भाड्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणून हा विस्तार महत्त्वाचा.

स्मरणिका हातात घेणाऱ्यांतले बरेच जण दर वर्षी काही ना काही देतात. त्यांना विनंती एवढीच की या वर्षी देणगी देताना ती कशासाठी हे लिहून द्या. वैद्यकीय समाजसेवा विभागात विचारले तर उपचार अर्ध्यावर असलेल्या कोणत्या बाईला गाडीभाडे, राहण्याचा खर्च किंवा औषधांची बाकी भागवायची आहे ते तिथे कळते. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या बायकांना जवळच्या आरोग्य उपकेंद्रात पाठवा. तिथली ताई हाताने तपासते, पाच मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत.